छोट्या लिनक्स फायरवॉलवर बँडविड्थचा हिशेब कसा ठेवावा

बेळगावच्या उद्यमबागेतील ज्या मशिन शॉपचे नेटवर्क मी सांभाळतो, तेथून गेल्या पावसाळ्यात रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास एकच तक्रार येऊ लागली : "नेट चालंना झालंय." पुण्याहून येणारी ड्रॉइंगे अर्धवट उतरत, ई-वे बिल काढताना पान मध्येच अडकत असे आणि इंटरनेटवरून चाललेल्या फोनचा आवाज तुटत असे. दुपारची पाळी सुरू होण्याची तीच वेळ असल्याने सगळ्यांचा संशय पाळीवर येणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर गेला आणि वायफायचा पासवर्ड बदलून त्यांना बाहेर ठेवायचे, असे जवळजवळ ठरलेही होते. फायरवॉलवर, म्हणजे आतले नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसलेल्या यंत्रावर, मोजणी सुरू केल्यावर कारण वेगळेच निघाले. संशय घेण्याआधी मोजावे, आणि मोजताना आपण नेमके कोठे उभे राहून, किती वेळाच्या अंतराने मोजतो आहोत याचे भान ठेवावे, एवढ्यासाठीच ही पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

ज्या यंत्रावर हे सर्व केले, ते पंखा नसलेले, दोन नेटवर्क पोर्ट असलेले साधे छोटे संगणक-डबडे आहे. त्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती असून फायरवॉलचे नियम एनएफटेबल्स या लिनक्सच्या नियमप्रणालीत लिहिलेले आहेत. मोडेमकडे जाणाऱ्या पोर्टला मी या लेखात इथ० आणि आतल्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला इथ१ म्हणेन. आपल्या यंत्रावर ही नावे वेगळी व लांब असू शकतील. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत, परंतु टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टंकायची आहेत.

मोजणी आधीच चालू असते

बँडविड्थ मोजायची म्हटले की अनेकजण लगेच मोठी, आलेख काढणारी प्रणाली शोधू लागतात. वास्तविक लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, प्रत्येक इंटरफेसवरून (नेटवर्क-जोडणीवरून) किती बाइट आत आले आणि किती बाहेर गेले, याची मोजणी यंत्र सुरू झाल्या क्षणापासून करतच असतो. ‘/प्रोक/नेट/डेव्ह’ ही फाइल उघडली किंवा ‘आयपी -एस लिंक’ ही आज्ञा दिली, की प्रत्येक इंटरफेससमोर आरएक्स म्हणजे आत आलेले आणि टीएक्स म्हणजे बाहेर गेलेले बाइट व पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) दिसतात. हे आकडे वेग सांगत नाहीत, तर घरातल्या विजेच्या मीटरप्रमाणे एकूण बेरीज सांगतात. वेग हवा असेल तर दोन वेळा वाचन घेऊन वजाबाकी करावी लागते.

एक वाचन प्रत्यक्ष करून पाहू. इथ० च्या टीएक्स रकान्यात ८,४१,२६,००,००० असा आकडा आहे आणि बरोबर १० सेकंदांनी तो ८,४२,३८,५०,००० झाला. फरक १,१२,५०,००० बाइटचा आहे. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून हे ९ कोटी बिट झाले. त्यांना १० ने भागले की सेकंदाला ९० लाख बिट, म्हणजे ९ एमबीपीएस हा अपलोडचा वेग मिळतो. हे गणित एकदा हाताने केल्याशिवाय कोणतेही साधन बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढची बहुतेक साधने हीच वजाबाकी करतात आणि त्यांच्या आकड्यांत गोंधळ वाटला तर परत येथेच यावे लागते.

बिट आणि बाइट यांची गल्लत फार वेळा होते. सेवा देणारी कंपनी १०० एमबीपीएस म्हणते तेव्हा ते मेगाबिट असतात. फाइल उतरवताना तीच जोडणी जास्तीत जास्त सेकंदाला १२.५ मेगाबाइट दाखवेल आणि त्यात कोणीही फसवलेले नसते. तसेच काही साधने १००० च्या पटीतले गिगाबाइट दाखवतात, तर काही १०२४ च्या पटीतले; या दोहोंत गिगाबाइटच्या पातळीवर सुमारे ७ टक्के फरक पडतो. महिन्याच्या मर्यादेच्या जवळ असताना हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

त्याच आज्ञेत ‘एरर्स’ (बिघडलेली पॅकेट) आणि ‘ड्रॉप्ड’ (टाकून दिलेली पॅकेट) असे दोन रकाने आहेत, ते वगळू नयेत. एरर्सचा आकडा सतत वाढत असेल तर प्रश्न बँडविड्थचा नसून बहुधा केबलचा किंवा तिच्या टोकावरील जोडाचा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीबाहेरून नेलेल्या केबलच्या टोकांत ओल शिरते आणि पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. अशा वेळी ‘इथटूल इथ०’ ही आज्ञा देऊन जोडणी १००० एमबीपीएसवर आहे की घसरून १०० वर आली आहे, हे आधी पाहावे.

आत की बाहेर

फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे इथ० वर, नॅटमुळे (आतल्या पत्त्यांऐवजी बाहेरचा एकच पत्ता लावण्याच्या पद्धतीमुळे) सर्व वाहतूक एकाच पत्त्यावरून जाताना दिसते. तेथे एकूण वापर अचूक कळतो, पण तो कोणाचा हे कळत नाही. आतल्या इथ१ वर प्रत्येक संगणकाचा स्वतःचा खासगी पत्ता दिसतो, म्हणून कोण किती वापरतो हे तेथेच पाहावे लागते. मात्र आत पाहताना दिशा उलटी होते. कामगाराच्या संगणकाने उतरवलेली फाइल फायरवॉलच्या दृष्टीने इथ१ वरून बाहेर गेलेली असते, म्हणून ती टीएक्समध्ये मोजली जाते. हे लक्षात न घेतल्यामुळे डाउनलोडला अपलोड समजून चुकीच्या यंत्रामागे लागलेली माणसे मी पाहिली आहेत.

जोडणी पीपीपीओईवर (नाव व पासवर्ड देऊन जोडण्याच्या पद्धतीवर) असेल, तर इथ० बरोबर पीपीपी० नावाचा आणखी एक इंटरफेस दिसतो आणि तीच वाहतूक दोन्हीकडे मोजली जाते. त्यांची बेरीज केली तर वापर दुप्पट भरतो. ब्रिज (अनेक पोर्ट एकत्र जोडणारा इंटरफेस) आणि व्हीलॅन (एकाच केबलवर पाडलेले वेगळे आभासी नेटवर्क) यांनाही हेच लागू आहे. एकूण हिशेबासाठी एकच इंटरफेस निवडावा आणि तो शेवटपर्यंत बदलू नये.

व्हीएनस्टॅट : दैनंदिन वही

कर्नलचे आकडे यंत्र बंद होताच शून्य होतात. वळवाच्या पावसात दिवसातून तीन वेळा वीज जाते, तेव्हा या आकड्यांवर महिन्याचा हिशेब ठेवणे शक्य नसते. यासाठी व्हीएनस्टॅट हे लहान साधन मला सर्वांत विश्वासाचे वाटते. ते एकही पॅकेट उघडून पाहत नाही. कर्नलने मोजलेलेच आकडे ठरावीक वेळाने वाचून आपल्या डेटाबेसमध्ये नोंदवते, त्यामुळे जुन्या, मंद प्रोसेसरवरही त्याचा भार जाणवत नाही. डेबियनवर ‘एपीटी इन्स्टॉल व्हीएनस्टॅट’ एवढी आज्ञा पुरते. दुसऱ्या पिढीच्या आवृत्तीत सेवा सुरू होताच ती सापडलेले इंटरफेस स्वतःच नोंदवून घेते. नको असलेले नंतर काढून टाकावेत.

‘व्हीएनस्टॅट’ला लहान एच हा पर्याय दिला की तासानुसार, डी दिला की दिवसानुसार आणि एम दिला की महिन्यानुसार वापर दिसतो, एल दिला तर चालू क्षणाचा वेग पडद्यावर हलताना दिसतो. माझ्या मते सर्वांत मोलाचा पर्याय पाचचा आकडा हा आहे, कारण तो पाच-पाच मिनिटांचे तुकडे दाखवतो. दिवसाच्या बेरजेत लपलेली गोष्ट तेथे उघडी पडते.

मांडणीच्या फाइलमधील, म्हणजे ‘/ईटीसी/व्हीएनस्टॅट.कॉन्फ’मधील, तीन गोष्टी पहिल्याच दिवशी पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे ‘मंथरोटेट’. आपले बिल महिन्याच्या १ तारखेऐवजी समजा ७ तारखेला सुरू होत असेल तर येथे ७ लिहावे, म्हणजे साधनाचा महिना आणि बिलाचा महिना जुळतो. जुन्या नोंदी मात्र त्यामुळे नव्याने मोजल्या जात नाहीत, म्हणून हे सुरुवातीलाच करायचे. दुसरी म्हणजे नोंदी किती काळ टिकवायच्या हे. मूळ मांडणीत पाच मिनिटांच्या नोंदी ४८ तास, तासांच्या ४ दिवस, दिवसांच्या ६२ दिवस आणि महिन्यांच्या २५ महिने राहतात. मागच्या आठवड्यातील सोमवारची दुपार या सोमवारशी ताडून पाहायची असेल तर तासांचे ४ दिवस पुरत नाहीत. मी ते ३० केले आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे नोंद लिहिण्याचे अंतर, जे मूळ मांडणीत ५ मिनिटे असते. वीज अचानक गेली तर तेवढ्या अवधीची मोजणी जाते. हे अंतर कमी केल्यास एसडी कार्डवर चालणाऱ्या यंत्रात लिहिण्याचा ताण वाढतो, म्हणून अंतर तसेच ठेवून फायरवॉल आणि मोडेम या दोघांना छोटा यूपीएस द्यावा, हे अधिक शहाणपणाचे आहे.

महिन्याच्या मर्यादेचा अंदाज बांधण्यासाठी एक आकडा पाठ असावा : सतत १ एमबीपीएस वापर ३० दिवस चालला तर तो ३२४ गिगाबाइट होतो. म्हणजे रात्रंदिवस २ एमबीपीएसने चित्र बाहेर पाठवणारा एकच कॅमेरा महिन्याला ६४८ गिगाबाइट खातो, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

साडेतीन वाजता काय घडत होते

मशिन शॉपमध्ये व्हीएनस्टॅट बसवून तीन दिवस काहीच केले नाही. दिवसाचे आकडे एकमेकांसारखेच होते आणि त्यांवरून काहीही संशय येण्याजोगे नव्हते. तासांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा मात्र डाउनलोड नेहमीसारखेच असताना साडेतीन ते पाच या वेळेत अपलोड एकदम उंचावलेले दिसले. पाच मिनिटांच्या नोंदींत तर ते ९ एमबीपीएसवर पट्टीने आखल्यासारखे सरळ होते. जोडणीची अपलोड क्षमताच १० एमबीपीएस होती. माणसाचा वापर असा नसतो. माणूस फोन पाहतो, ठेवतो, परत घेतो, त्याच्या वापराला चढउतार असतात. सरळ रेषा दिसली की ते काम एखाद्या यंत्राचे आहे असे समजावे.

मग त्याच वेळी ‘इफटॉप’ हे पत्त्यागणिक चालू वापर दाखवणारे साधन आतल्या इंटरफेसवर लावले. त्याला रूटचे (मुख्य वापरकर्त्याचे) अधिकार लागतात. ‘-आय इथ१’ हा पर्याय इंटरफेस ठरवतो, लहान एनमुळे ते पत्त्यांची नावे शोधत बसत नाही आणि मोठा पी दिल्यास पोर्टही (जोडणी कोणत्या सेवेची आहे ते सांगणारे क्रमांक) दिसतात. उजवीकडे तीन रकाने असतात : शेवटच्या २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी. क्षणिक उसळीने फसू नये म्हणून मी ४० सेकंदांच्या रकान्यावर विश्वास ठेवतो. सर्वांत वर १९२.१६८.१०.४० हा एकच पत्ता ठाण मांडून होता. डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) नोंदीत पाहिले तर तो कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर निघाला. कॅमेरे बसवून देणाऱ्यांनी दिवसभराचे चित्रण बाहेरच्या साठवणुकीत पाठवण्याची वेळ दुपारी साडेतीन ठेवली होती. दीड तास ९ एमबीपीएस म्हणजे सुमारे ६ गिगाबाइट. रोज तेवढेच जात असल्याने एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करून ते कधीच सापडले नसते.

अपलोड भरल्यामुळे डाउनलोड का अडावे, असा प्रश्न तेव्हा मालकांनी विचारला आणि तो रास्त होता. उतरणाऱ्या प्रत्येक फाइलची पोच उलट दिशेने पाठवावी लागते. अपलोडची रांग तुंबली की त्या पोचपावत्याही रांगेत अडकतात, पाठवणारा वेग कमी करतो आणि डाउनलोडची क्षमता रिकामी असूनही पान उघडत नाही. चाळीस कामगारांच्या मोबाइलचा यात काहीही दोष नव्हता. पासवर्ड बदलला असता तर त्यांच्यावर अकारण ठपका आला असता, आणि साडेतीनची तक्रार तशीच राहिली असती.

यंत्रागणिक कायमचा हिशेब

इफटॉप केवळ चालू क्षण दाखवते. कोणत्या पत्त्याने महिनाभरात किती वापरले हे हवे असेल तर फायरवॉलच्या नियमांतच मोजणी घालावी लागते. यासाठी मी एनएफटेबल्समध्ये हिशेबापुरते स्वतंत्र टेबल करतो आणि मूळ फायरवॉलच्या नियमांना हात लावत नाही, म्हणजे चूक झाली तर तेवढे टेबल पुसून टाकता येते व सुरक्षेला धक्का लागत नाही. या टेबलात ‘फॉरवर्ड’ हुकवर (एका बाजूने येऊन दुसरीकडे जाणारी पॅकेट जेथे तपासली जातात तेथे) एक साखळी, म्हणजे नियमांची यादी, असावी आणि तिचा प्राधान्यक्रम १० ठेवावा. मुख्य गाळणीची साखळी ० वर असते, त्यामुळे तिने अडवलेली पॅकेट १० पर्यंत पोचत नाहीत आणि परवानगी मिळालेल्यांचीच मोजणी होते. साखळीत दोन नियम पुरेसे आहेत : इथ१ वरून आत येणाऱ्या पॅकेटचा मूळ पत्ता एका गतिशील (आपोआप भरत जाणाऱ्या) संचात नोंदवणारा, आणि इथ१ वरून बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा गंतव्य पत्ता दुसऱ्या संचात नोंदवणारा. दोन्ही संचांना काउंटर जोडलेला असावा. फॉरवर्ड हुकवर दोन्ही दिशांना आतला खासगी पत्ताच दिसतो, कारण जाताना नॅट त्यानंतर होते आणि येताना त्याआधी उलगडलेले असते.

एनएफटेबल्सच्या आधीच्या आयपीटेबल्सवर हेच काम लक्ष्य (पॅकेटचे काय करायचे ते) न दिलेल्या नियमाने होते. असा नियम पॅकेटला अडवत नाही की सोडत नाही, फक्त मोजतो. तो मात्र चालू जोडण्यांना मुभा देणाऱ्या नियमाच्या वर बसवावा लागतो. खाली बसवला तर जवळपास सर्व पॅकेट वरच्या वर निघून जातात आणि काउंटर नगण्य आकडा दाखवतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे.

डेबियनमधील एनएफटेबल्सची मूळ फाइल सर्व नियम पुसण्याच्या आज्ञेने सुरू होते, म्हणून नियम परत भरले की हे काउंटरही जातात. दर तासाला क्रॉनमार्फत (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेमार्फत) संचाची यादी तारखेसह एका फाइलमध्ये उतरवून ठेवावी. नियम वेगाने पार पाडण्यासाठी फ्लो ऑफलोड चालू केलेला असेल तर चालू जोडण्यांची पॅकेट फॉरवर्ड साखळीला वळसा घालून जातात आणि मोजणी अर्धीमुर्धी होते. हिशेब हवा असेल तर ऑफलोड बंद ठेवावा. फायरवॉलने स्वतःसाठी उतरवलेली अपडेट फॉरवर्डमध्ये येत नाहीत, हेही ध्यानात असावे. ‘नेटहॉग्स’ हे साधनही येथे उपयोगाचे नाही : ते त्या यंत्रावरील प्रोग्रामगणिक वापर दाखवते, पण फायरवॉलमधून पलीकडे जाणारी वाहतूक कोणत्याही प्रोग्रामची नसते.

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीमुळे पत्त्यागणिक हिशेब खूप अवघड होतो, कारण एकेका मोबाइलला अनेक पत्ते असतात आणि ते काही काळाने बदलतात. केवळ आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) मोजले तर वापराचा मोठा भाग नजरेआड राहतो. माझ्या अनुभवात यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे नेटवर्कचेच भाग पाडणे : कॅमेऱ्यांसाठी एक व्हीलॅन, कार्यालयासाठी दुसरा, मोबाइलसाठी तिसरा. फायरवॉलवर प्रत्येक व्हीलॅनचा स्वतंत्र इंटरफेस तयार होतो, तो व्हीएनस्टॅटमध्ये एकदा जोडला की त्याची नोंद राहते आणि पत्ता चारचा आहे की सहाचा हा प्रश्नच उरत नाही. खानापूरजवळच्या एका गावातील अभ्यासिकेतही मी हीच रचना केली. तेथे मुलांनी वाचनासाठी किती वापर केला आणि कार्यालयाने किती, हे दोन ओळींत समितीसमोर मांडता येते.

या मोजणीतून संदेशांचा मजकूर कळत नाही, परंतु कोणता संगणक कोणत्या ठिकाणाशी जोडला गेला हे इफटॉपमधून कळते. म्हणून ज्यांचा वापर मोजला जातो त्यांना ते आधी सांगितले पाहिजे. उद्यमबागेत आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत सूचना लिहून हजेरीच्या यंत्राशेजारी लावली, कारण दोन्ही भाषांतले कामगार तेथे आहेत. मोजणीची कोणतीही पाने बाहेरच्या इंटरफेसवर उघडी ठेवू नयेत; ती आतूनच, एसएसएचने (सुरक्षित दूरस्थ टर्मिनलने) पाहावीत.

रेकॉर्डरचे काम आम्ही रात्री एक वाजता नेले. शिवाय बाहेरच्या इंटरफेसवर केक ही रांगव्यवस्था ९ एमबीपीएसच्या मर्यादेसह बसवली, म्हणजे रांग मोडेममध्ये न तुंबता फायरवॉलच्या ताब्यात राहते आणि लहान पोचपावत्यांना वाट मिळते. केक लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. मर्यादा नेहमी खऱ्या क्षमतेपेक्षा थोडी कमी ठेवावी, नाहीतर रांग परत मोडेमकडे जाते आणि काहीच फरक पडत नाही. ‘टीसी -एस क्यूडिस्क’ ही आज्ञा दिल्यावर किती पॅकेट टाकली गेली आणि किती रांगेत आहेत हे दिसते.

सर्व बसवून झाल्यावर एकदा पडताळणी करावी. कामाची वेळ संपल्यावर, बाकीची यंत्रे बंद असताना, ५०० मेगाबाइटची एक फाइल एका संगणकावर उतरवावी आणि आधीचे व नंतरचे आकडे लिहून ठेवावेत. इंटरफेसवर ५०० ऐवजी साधारण ५२३ मेगाबाइट भरतील, कारण प्रत्येक पॅकेटचे शीर्षही त्यात मोजले जाते. एनएफटेबल्सचा आकडा त्याहून थोडा कमी येईल, कारण त्यात इथरनेटचे शीर्ष धरलेले नसते. हजारच्या आसपास आकडा आला तर कोठेतरी दोनदा मोजणी होत आहे. शंभरही भरले नाहीत तर नियमाची जागा किंवा ऑफलोड तपासावा.